ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं

दुसऱ्यानं काढलेला फोटो तुम्ही कधी उलटा धरून बघितलाय? नसेल तर आधी ते करा, हा लेख कुठे पळून जात नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि त्यावर धबधबा, देऊळ जे काय असेल ते खालचं वर करून बघा. देऊळ गायब! उरतो एक काळा ठोकळा, त्याला टेकलेला पांढरा पट्टा आणि कोपऱ्यात एक लालभडक ठिपका. हा ठिपका महिनाभर रोज समोर होता, पण तुम्हाला दिसला नव्हता, आणि आता त्याच्यावरून नजर हलत नाही! मला ही गंमत नुकतीच कळली आहे आणि तेव्हापासून मी घरातले, शेजारचे, दवाखान्यात नंबर येईपर्यंत हाताला लागलेल्या मासिकांतले सगळे फोटो उलटे करत सुटले आहे. घरचे म्हणतात, कॅमेरा घेतलास तेव्हासुद्धा इतकं डोकं फिरलं नव्हतं. खरंच नव्हतं! फोटो काढायला मला आवडतंच, कॅमेऱ्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण लोकांचे फोटो समोर मांडून त्यांवर चार जणांनी बोलायचं, यात एवढं घबाड असेल हे मला कुणी सांगितलंच नव्हतं हो.

झालं असं, की ओळखीतल्या एका काकांनी फोन करून सांगितलं, "रविवारी सकाळी या. येताना दोन प्रिंट आणा, आठ बाय बाराच्या. मागे नाव लिहू नका." काका बँकेतून निवृत्त झालेले. डेक्कनला जुन्या सोसायटीत त्यांचं घर, तिथलं जेवणाचं टेबल ही जागा, खालच्या अमृततुल्यमधून किटलीनं येणारा चहा. जमणारी मंडळी म्हणाल तर एक डेंटिस्ट मॅडम, एक लाकडाची वखार चालवणारे गृहस्थ, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई, एमपीएससीच्या अभ्यासातून वेळ चोरून येणारा एक मुलगा, आणि हिशेबाची कामं करणारी मी. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, बक्षीस नाही. पुण्यात अशी गोष्ट टिकते यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

प्रिंट टेबलावर पालथ्या ठेवायच्या, सगळ्यांच्या मिसळून. मग एकेक उलटायची. आणि नियम एकच: ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं. चेहऱ्यावरसुद्धा काही दाखवायचं नाही. "आम्ही पहाटे तीनला निघालो होतो," "तिथे इतकं धुकं होतं की विचारू नका," "खरं तर मला लांबची लेन्स लावायची होती," यातलं काही म्हणजे काही बोलायचं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे फार कडक वाटलं. पण पहिला फोटो उलटला आणि पाच मिनिटांत पटलं! पहाटे तीनला उठलेला माणूस फोटोत दिसत नाही. फोटोत जे आहे तेवढंच आहे, आणि ते दुसऱ्याला काय दिसतंय हे ऐकायचं असेल तर आपण तोंड बंद ठेवण्याला पर्याय नाही.

तो पहिला फोटो जेजुरीचा होता. सोमवती अमावास्या, गडाच्या पायऱ्या, बाजूला दगडी दीपमाळा, भंडाऱ्याची उधळण आणि हवाच पिवळीधमक. माझ्या तोंडून "वा!" निघालं. भूगोलाच्या बाई माझ्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "वा कशाबद्दल?"

आता काय सांगणार! मी म्हटलं, "म्हणजे… छान आहे."

"ते असू दे. नजर पहिल्यांदा कुठे गेली तेवढं सांग."

मग मी बघायला लागले, खरं बघायला. नजर गेली होती उजवीकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या उघड्या तोंडाकडे. येळकोट म्हणतानाचं तोंड, दोन दात नसलेलं. तिथून त्यांच्या वर गेलेल्या हाताकडे, हातातून सुटलेल्या भंडाऱ्याकडे, आणि भंडाऱ्याच्या मागोमाग वर, वर, वर… आणि वर काहीच नाही. नुसता सपाट पिवळा. भिंतीला ऑइलपेंट मारावा तसा.

"बरोब्बर तिथेच माझीही नजर अडकते," डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या. "खालच्या भंडाऱ्यात कण दिसतायत, वरच्यात नाहीत."

आणि मग काकांनी जे समजावलं ते ऐकताना मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पिवळा म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी लाल आणि हिरवा मिळून. उन्हात भंडारा उडाला की आधी लाल काठोकाठ भरतो, त्यामागून हिरवा, आणि निळ्याच्या खात्यात जवळजवळ काही जमाच होत नाही. फोटो काढल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण उजेडाचा आलेख बघतो, तो तिन्ही रंगांची गोळाबेरीज. गोळाबेरजेत सगळं ठीकठाक दिसतं! तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख लावले की मग लाल उजव्या भिंतीला धडकलेला दिसतो. एकदा धडकला की तिथला तपशील गेला, मागाहून संगणकावर काही केलंत तरी परत येत नाही. म्हणून भंडारा, झेंडूचे ढीग, लाल लुगडं, असलं काही उन्हात असेल तर एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं. हे मी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात वाचलं असणार. पण वाचलेलं आणि एका सपाट पिवळ्या डागावर पाच माणसांची बोटं टेकलेली बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आता जन्मात विसरायची नाही!

फोटो तेवढ्यावर संपला नव्हता. डाव्या कडेला, अगदी कडेला, एक तरुण देवाकडे पाठ करून उभा होता. हात लांब करून स्वतःचाच फोटो काढत होता. मोबाइलच्या पडद्यावर पिवळा ठिपका. काकांनी ड्रॉवरमधून लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापलेले दोन काटकोन काढले. हे दोन काटकोन समोरासमोर ठेवले की चौकट होते, ती फोटोवर सरकवायची, लहान-मोठी करायची आणि फोटो कुठे कापला तर कसा दिसेल ते बघायचं. किती साधं! त्यांनी तरुणाला झाकलं. फोटो एकदम नीटनेटका झाला.

"कापा," वखारवाले म्हणाले नाहीत, कारण ते त्या दिवशी विचित्र गप्प होते. कापा म्हणाल्या डेंटिस्ट मॅडम. आणि एमपीएससीवाला मुलगा उसळलाच. "अहो काका, कापू नका हां! त्याला काढलं तर हा फोटो कुठल्याही सालचा होतो. हीच तर आजची जेजुरी आहे."

जुंपली की मग. काकांनी आंरी कार्तिए-ब्रेसाँला मध्ये आणलं. चौकट कॅमेऱ्यातच ठरली पाहिजे, नंतर कापाकापी नको, हे ज्याचं व्रत, त्याचाच पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागचा, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा 1932 चा प्रसिद्ध फोटो कापलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांमधून काढला होता, डावीकडे फळी आडवी आली होती, ती छापताना उडवली. यावर बाईंनी डोरोथिया लँग काढली. कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर आईचा 1936 चा तो फोटो, दोन्ही बाजूंना खांद्यावर तोंड लपवलेली मुलं. त्यात खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरणारा एक अंगठा आला होता. लँगला तो खुपत राहिला आणि काही वर्षांनी तिनं मूळ निगेटिव्हवरूनच तो पुसट करून घेतला! अजून जाणकार भांडतात, तिनं बरोबर केलं की चूक. म्हणजे बघा, एवढ्या मोठ्यांचंही आमच्यासारखंच, कडेला काय आलंय याच्यावरूनच!

शेवटी वखारवाल्यांना तोंड उघडायची परवानगी मिळाली. ते म्हणाले, "मी तर त्या पोराला बघूनच बटण दाबलं होतं. म्हातारबाबा आपसूक आले."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, "अहो, मग त्याला बिचाऱ्याला दाराबाहेर का उभं केलंत? दोन पावलं डावीकडे सरकायचं होतं."

मी घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. अर्ध्या तासात एका फोटोनं मला काय काय दिलं! रंगाचं गणित, कडांचं भान, इतिहासातल्या दोन गोष्टी, आणि सगळ्यात भारी म्हणजे काढणाऱ्याच्या मनातला फोटो आणि टेबलावरचा फोटो हे दोन वेगळे फोटो असतात, आणि आपल्याला फक्त टेबलावरच्याबद्दल बोलता येतं.

तेव्हापासून मी एकही रविवार सोडलेला नाही. काय बोलायचं नाही, तेही शिकते आहे. "कॅमेरा कुठला?" हा प्रश्न इथे बाद. "मी असतो तर इथून काढला असता," हेही बाद, कारण तू नव्हतास. "यापेक्षा वारीचा तुमचा मागचा फोटो चांगला होता," हे तर फारच वाईट. मत द्यायला पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही, आधी दिसलेलं सांगायला मात्र शिकवावं लागतं. "आकाश जास्त झालंय" हे मत. "माझी नजर आकाशात जाते आणि तिथून परत खाली येत नाही" हे दिसलेलं. दुसरं ऐकून समोरच्याला राग येत नाही, उलट तो लगेच स्वतःच्या फोटोत आकाश शोधायला लागतो. मी घरी स्वयंपाकाच्या बाबतीत हा प्रयोग सुचवून बघितला. तो अजून यशस्वी झालेला नाही.

नाव न लिहिण्याचा मामलाही भन्नाट आहे. एकदा रेल्वेच्या यार्डातला, रुळांच्या जाळ्यात तेलकट हातानं विडी पेटवणाऱ्या कामगाराचा अगदी दणकट फोटो निघाला. सगळ्यांच्या नजरा एमपीएससीवाल्याकडे. तो मान हलवतोय, नाही, नाही. फोटो भूगोलाच्या बाईंचा! काकांनी तेव्हा होमाई व्यारावाला यांची आठवण काढली. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, पुढे 2011 साली पद्मविभूषण मिळालेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते पतीच्या, माणेकशा यांच्या नावानं. टेबलावर नावच नसेल तर तेही करायची सोय राहत नाही, फोटोनं आपल्या जिवावर उभं राहायचं.

आणि हे काही आजकालचं खूळ आहे असं समजू नका. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 साली! फोटोग्राफी जगाला जाहीर होऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीत होते, स्वतः फोटो काढत होते, प्रदर्शनात मांडत होते. डॉक्टरकी सांभाळून! आमच्या डेंटिस्ट मॅडमना हे कळल्यापासून त्या फारच ताठ बसतात.

सगळंच हसतखेळत चालतं असं मात्र नाही. एका गोष्टीवर टेबल एकदम थंड होतं. पालखी सोहळ्यात नदीवर अंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो. दर वर्षी कुणी ना कुणी नवखा पाहुणा ते घेऊन येतो. उजेड सुंदर असतो, पाण्यावर वाफ, ओल्या लुगड्यांचे रंग, सगळं जमलेलं असतं. बाई एवढंच विचारतात, "तुझी आई असती तर काढला असतास?" चर्चा तिथे संपते. मला हे आधी उपदेशासारखं वाटेल अशी भीती होती, पण तसं वाटत नाही, कारण त्याच बाई पुढच्या फोटोवर उजेडाच्या एका तिरिपीसाठी दहा मिनिटं घालवतात. फोटोत उजेड आहे तसा काढणाऱ्याचा स्वभावही उतरतो, आणि त्यावरही बोललंच पाहिजे. उगाच तंत्राच्या आड लपण्यात अर्थ नाही.

वारीचंच दुसरं उदाहरण सांगते. दिवे घाटातून वरून काढलेला, पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताकांनी भरलेल्या वळणांचा फोटो कुणाकडे नाही? माझ्याकडेही आहे. एमपीएससीवाल्यानं मात्र आणला घाटाखालचा फोटो. पाण्याच्या टँकरच्या नळाशी वाकलेली एक बाई, डोक्यावर तुळशीवृंदावन, एका हातानं ते सावरलेलं, दुसऱ्या हातात बाटली, आणि मान इतकी सरळ की पाणी बाटलीत न पडता मनगटावरून वाहतंय. फोटोत घाट नाही, पताका नाही, गर्दीही नाही. वखारवाले म्हणाले, वारी आहे हे कळायला मागे एखादा झेंडा हवा होता. डेंटिस्ट मॅडम म्हणाल्या, "त्या मानेवरून कळतंय की!" आम्ही सगळ्यांनी पुन्हा मानेकडे बघितलं. खरंच कळत होतं. एक वाक्य बोललं गेलं आणि समोरचा तोच कागद बदलला, अक्षरशः डोळ्यांदेखत बदलला!

मग माझी पाळी. माझा फोटो मंडईतला. झेंडू तोलणाऱ्या मावशी, हातात तराजू, चेहऱ्यावर वरच्या काचेतून आलेला उजेड. हा उजेड पकडल्याचा मला भारी अभिमान होता. मी ओठ घट्ट मिटून बसले. उजेडाबद्दल कुणी अवाक्षर काढेना! पार्श्वभूमीतला निळा ताडपत्रीचा तुकडा खटकतो म्हणाले, पारडी मध्ये आली आहेत ते आवडलं म्हणाले. आणि मग बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "करंगळी बघितलीत का?"

कुठली करंगळी?

मावशींचा डावा हात फुलांच्या पारड्याखाली होता, आधार दिल्यासारखा. आणि त्या हाताची करंगळी, अगदी अलगद, पारड्याच्या काठावर टेकली होती. किती ग्रॅमची असेल ती करंगळी? समोरच्या गिऱ्हाइकाची नजर काट्यावर, मावशींची नजर गिऱ्हाइकावर. सगळं नाटक त्या चौकटीत होतं आणि मी, ज्या मी तो फोटो काढला, संगणकावर मोठा करून पाहिला, पैसे देऊन छापून आणला, ती मी उजेड उजेड करत बसले होते! टेबलावर जो हशा उठला तो थांबेना. वखारवाले म्हणाले, "धंद्यातलं आहे हे, आम्हाला लगेच कळायला हवं होतं." त्या क्षणी माझा फोटो माझ्यापेक्षा मोठा झाला, आणि त्याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी चहाचा कप तसाच विसरले.

काकांचा स्वतःचा एक छंद आहे, तो जाता जाता सांगून टाकते. ते एकच फोटो तीन-चार तऱ्हांनी छापून आणतात. कधी गडद, कधी फिकट, कधी आभाळ ओढून काळं केलेलं. अँसल ॲडम्सनं 1941 साली न्यू मेक्सिकोत काढलेला, खेड्यावरच्या चंद्रोदयाचा फोटो त्यांना फार प्रिय. ॲडम्स तीच निगेटिव्ह पुढे कित्येक वर्षं छापत राहिला आणि त्यातलं आकाश उत्तरोत्तर काळं होत गेलं. मला विचाराल तर काकांची काळी आभाळं जरा नाटकी होतात. हे मी त्यांना टेबलावर सांगितलंय. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या रविवारी आणखी काळं आणलं.

आता माझं काय झालंय, तर मी कुठेही गेले तरी नजर आधी कडांकडे जाते. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या डोक्यातून उगवलेला मंडपाचा खांब दिसतो. वर्तमानपत्रात मंत्र्यांपेक्षा मागच्या सुरक्षारक्षकाचा कंटाळलेला चेहरा आधी दिसतो. स्वतः फोटो काढताना बटण दाबायच्या आधी कानात आवाज येतो, "वा कशाबद्दल?" आणि मी एक पाऊल सरकते. फोटो पूर्वीपेक्षा कमी निघतात, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

तेव्हा तुम्ही नाशिकला असा, चिपळूणला असा नाही तर न्यू जर्सीला, आजूबाजूला फोटो काढणारी चार माणसं असणारच. त्यांना बोलवा. क्लब काढू नका, स्पर्धा ठेवू नका, वडीलधाऱ्या कुणाला परीक्षक तर मुळीच करू नका. एक टेबल, दोन पुठ्ठ्याचे काटकोन आणि चहा एवढं पुरे. मोबाइलवर फोटो दाखवायला बंदी ठेवा, कारण बोट लागलं की तो सरकतो आणि पुढचा बघायची घाई होते. कागद टेबलावर नुसता पडून राहतो, आणि तेच हवंय. प्रिंट आठ बाय बाराच्या काढा, त्याहून लहान नको. आणि लॅबवाल्याला मॅट कागदावर छापायला सांगायला विसरू नका, चकचकीत कागदावर फोटोऐवजी काकांच्या घरातली ट्यूबलाइटच दिसते.